सांगलीत बनली असती तर

माझ्या कुपवाडच्या शेडमध्ये जी गाडी उभी आहे ती एमजीए, म्हणजे ती जुनी इंग्लिश स्पोर्ट्स गाडी, नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिचे फोटो बघून निम्म्या लोकांनी अभिनंदन केलंय आणि उरलेल्यांनी "ही तर डुप्लिकेट" म्हणून दात काढलेत, तर दोघांनाही एकच उत्तर, की बाबांनो ही एमजीएसारखी दिसणारी, कुपवाड एमआयडीसीत फायबरची बॉडी करून बसवलेली, आतून बऱ्यापैकी अँबेसिडर असलेली दोन सीटची उघडी गाडी आहे. डुप्लिकेट म्हणा, रेप्लिका म्हणा, माझी काही हरकत नाही. मला लिहायचंय ते वेगळंच आहे. अशी गाडी करताना कुठं मुळाबरहुकूम जायचं आणि कुठं आपल्या मनाचं करायचं हे ठरवायचं कसं, कारण लोखंड कापण्यापेक्षा या भांडणातच माझा जास्त वेळ गेलाय, अर्धं भांडण माझं माझ्याशी आणि अर्धं दाजींशी.

आधी एमजीएच का ते सांगतो. एमजीए ही इंग्लंडमधल्या अबिंग्डनच्या कारखान्यातली गाडी, १९५५ ला आली आणि १९६२ पर्यंत बनली, एक लाखाच्या वर गाड्या निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. दिसायला इतकी देखणी की तिच्यापुढं आजच्या स्पोर्ट्स कार मला उगाच रागावल्यासारख्या वाटतात. पण माझं कारण दिसण्याचं नव्हतं, इंजिनाचं होतं. तिच्यात बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज इंजिन, १४८९ सीसी. आणि आपली अँबेसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, बंगालमधल्या उत्तरपाड्याला १९५७-५८ पासून बनायला लागली, तिच्यातही पुढं कितीतरी वर्षं हेच बी-सिरीज, हेच १४८९ सीसी. बोअर (सिलेंडरचा व्यास) तोच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) तोच. म्हणजे ज्या इंजिनावर आपल्याकडं आमदार, डॉक्टर आणि वडाप फिरलं त्याच घराण्यातल्या इंजिनावर तिकडं लोक रेस खेळत होते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन्ही इंजिनांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलेलो.

लोक म्हणतात रेप्लिका करायची तर कोब्रा कर, म्हणजे साठच्या दशकातली ती अमेरिकन इंजिनाची स्पोर्ट्स गाडी, जगात सगळ्यात जास्त नक्कल तिचीच होते. खरंय. पण कोब्राला मोठं आठ सिलेंडरचं व्ही-एट इंजिन लागतं, ते सांगलीत आणायचं कुठनं आणि परवडायचं कुणाला. लोटस सेव्हन ही हलकी इंग्लिश गाडी सोपी, चौकोनी नळ्या जोडायच्या, पण तिच्यात मला बसताच येत नाही, सहा फूट उंची आणि वरनं पोट. एमजीएचं मात्र असं होतं की इंजिन, मागचा अॅक्सल, स्टीअरिंगचा रॅक, चाकाची १५ इंची साइज, सगळ्याची आते-मामे भावंडं आपल्या भंगारबाजारात पडलेली. सुटे भाग काढायला जी अँबेसिडर मिळाली ती २०१९ च्या पुरात बुडालेली, आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलेलं त्या वेळची, पाणी उतरल्यावर मालकानं परत कधी स्टार्टरच मारला नव्हता, कागद रद्द करून भंगारात गेलेली. इंजिन जाम होतं पण ब्लॉक चांगला निघाला. पाणी आत असताना कुणी स्टार्टर मारला नाही हेच नशीब.

आता खरा मुद्दा. पहिल्या काही महिन्यांत माझं डोकं पूर्ण ओरिजिनलच्या बाजूला होतं. नेटवरून जुनी वर्कशॉप मॅन्युअल, पार्टच्या याद्या, पुण्यातल्या एका ओळखीच्या ओळखीनं खऱ्या एमजीएची मापं घ्यायला दिली, तिथं टेप, ओळंबा आणि पुठ्ठ्याचे साचे घेऊन गेलेलो. प्रत्येक स्क्रू मुळासारखा पाहिजे असा नाद. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की मूळ गाडी म्हणजे नक्की कुठली? १९५५ ची १५०० वाली, का १९५९ ला १५८८ सीसी आणि पुढं डिस्क ब्रेक आले ती, का ती ट्विन कॅम जी दोनच हजार आणि वर थोड्या निघाल्या? त्या काळी गिऱ्हाईक शोरूममध्ये जाऊन तारेची चाकं हवीत का साधी पत्र्याची हे निवडायचं, हीटरसुद्धा जादाचे पैसे देऊन बसवायला लागायचा. म्हणजे ज्याला आपण ओरिजिनल म्हणतो त्यात आधीच कुणाची तरी आवड मिसळलेली असते. आणि कोब्राचं तर अजून भारी आहे, ४२७ म्हणून (इंजिनाच्या घन इंचाच्या मापावरनं पडलेलं नाव) जिची जगभर पूजा होते त्यातल्या बऱ्याच रस्त्यावरच्या गाड्यांत कंपनीनंच ४२८ इंजिन घातलेलं, कारण ते स्वस्त पडायचं. नाव ४२७, पोटात ४२८. आणि आजचे नक्कल करणारे ४२७ च पाहिजे म्हणून जीव टाकतात. देवालाच शिवायला गेलं तर देव म्हणतो मी पण जमवून घेतलेलं बाबा.

तेव्हापासून मी दुसरंच एक माप धरलं. अबिंग्डनला काय होतं ते सोडा, हीच गाडी १९६०-६५ च्या सुमाराला सांगलीत कुणी बनवली असती तर त्यानं काय बसवलं असतं? हे वाटतं तेवढं हवेतलं नाही. किर्लोस्करवाडी १९१० पासूनची, नांगर, पंप, ओतकाम सगळं या पट्ट्यात होत होतं, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ चं, लेथवर बसणारी माणसं घराघरात. पैसा आणि परवाना नव्हता म्हणून गाड्या बनल्या नाहीत, हात नव्हते म्हणून नाही. तर असा एखादा माणूस, एमजीएचा फोटो बघून खुळा झालेला, हाताशी अँबेसिडरचे स्पेअर, शेजारी ओतशाळा, त्यानं काय केलं असतं ते करायचं. या एका प्रश्नानं निम्मी भांडणं मिटली. उरलेली कशी मिटली नाहीत ते पुढं येतंच.

आकारात मात्र मी तसूभर हललो नाही. एमजीएची सगळी जादू पुढच्या मडगार्डवरनं निघून दारावर खाली उतरणाऱ्या आणि मागच्या चाकावर परत चढणाऱ्या त्या एका रेषेत आहे, ती एक बोटभर जरी वर-खाली झाली तरी गाडी बेडकासारखी दिसते, मी प्लायच्या साच्यावर दोनदा-तीनदा ती रेष घासून बघितली तेव्हा कळलं. फायबरचं काम पाण्याच्या टाक्या आणि गणपतीचे देखावे करणाऱ्या एका पोरानं केलं, मॅटचे थर, रेझिन, हार्डनर, हात एवढा साफ की बास. त्याला पहिल्यांदा वाटलं ही बोट आहे. सांगलीत फायबरचं काही मोठं करायला घेतलं की लोकांना पुराची बोटच वाटते, त्यात त्यांची चूक नाही.

इथं पहिली गाठ पडली. अँबेसिडरचा मागचा अॅक्सल एमजीएपेक्षा चार-पाच इंचांनी रुंद. दोन रस्ते, बॉडी फुगवा किंवा अॅक्सल कापा. बॉडी फुगवणं सोपं, स्वस्त, आणि बाहेरच्या देशात बरेच किटवाले तेच करतात. मिस्त्रीकाका म्हणाले, "लेका दोन-दोन इंच मडगार्ड बाहेर काढ, कोण बघतंय?" मी बघतोय ना काका. मग हाउजिंग दोन्हीकडनं कापून परत जोडलं, सेंटर लेथवर धरून, दोन्ही हाफ शाफ्ट आखूड करून नवीन आटे पाडून हीट ट्रीटमेंटला पाठवले, खर्च एवढा झाला की घरी आकडा सांगितलेला नाही आणि इथंही सांगणार नाही, बायको वाचते. पण दिसणाऱ्या रेषेसाठी न दिसणारं लोखंड कापायचं हे मला पटतं. उलटं नाही पटत.

मग इंजिन. दाजींचं म्हणणं एकदम सरळ होतं आणि मला मान्य करायला पाहिजे की व्यवहारात त्यांचंच बरोबर होतं. दाजी ट्रॅक्टर आणि पंपसेटच्या धंद्यातले, त्यांना गाडी म्हणजे किल्ली फिरवली की चालू झाली पाहिजे. "पाव्हणं, इसुझूचं इंजिन टाका, १८०० चं, पाच गिअर, खाली दांडा, स्पेअर मिळतंय, हे १५०० चं धूड कशाला घेऊन बसलाय?" आणि नव्वदीतल्या अँबेसिडरला ते इंजिन खरंच आलेलं, गाडी दुसरीच झाल्यासारखी पळायची. बीएमसीचं इंजिन अँबेसिडरमध्ये पन्नासच्या आसपास हॉर्सपॉवर देतं. दाजींचं गणित चुकीचं नव्हतंच.

पण मग एमजीए कशाला? ज्या एका नात्यामुळं ही गाडी सुचली तेच तोडून टाकायचं? शिवाय १४८९ मधनंच अबिंग्डनवाल्यांनी ७२ हॉर्सपॉवर काढलेले, जादू काही नव्हती, हेड, कॅमशाफ्ट, कॉम्प्रेशन आणि एका कार्ब्युरेटरच्या जागी एसयू कंपनीचे दोन. या इंजिनाच्या हेडला चार सिलेंडर असून आत जायची भोकं दोनच, दोन-दोन सिलेंडर मिळून एक भोक, बाहेरची तीन. म्हणजे दोन कार्ब्युरेटर लावले की प्रत्येकाला आपापलं एक भोक, हिशोब जमतो. हे समजल्यावर मला दोन एसयू लावणं फॅशन नाही तर शहाणपण वाटायला लागलं. दोन्ही एकमेकांशी जुळवायला मिस्त्रीकाका रबरी नळीचं एक टोक कानाला आणि एक कार्ब्युरेटरच्या तोंडाला धरून बसतात, सूं असा आवाज दोन्हीकडं सारखा आला पाहिजे, मीटर आहे माझ्याकडं पण ते मीटरकडं बघतसुद्धा नाहीत.

गिअरचा प्रश्न असा सुटला की अँबेसिडरवाल्यांच्याच सुरुवातीच्या कॉन्टेसाला, १९८४ च्या, हेच १५०० चं बीएमसी इंजिन होतं आणि चार गिअरचा दांडा खाली. तोच बॉक्स शोधला. स्टीअरिंगला चिकटलेला अँबेसिडरचा हँडगिअर घालून उघडी स्पोर्ट्स गाडी चालवायची कल्पना करून बघा, मागं तीन माणसं आणि टपावर कोंबड्यांची पाटी पाहिजे मग. आता कॉन्टेसा ऐंशीच्या दशकातली, माझा तो काल्पनिक सांगलीकर साठच्या दशकातला, म्हणजे माझाच नियम मी इथं ताणला. दाजींनी हे बरोबर पकडलं. मी म्हणलं दाजी, घराणं एक आहे ना. ते म्हणाले मग इसुझूनं काय घोडं मारलंय. उत्तर नाही माझ्याकडं. एवढंच आहे की बीएमसीचा तो जरा जड, घसा बसलेला आवाज दोन एसयूमधनं आत हवा ओढताना ऐकला की मला बरं वाटतं, आणि ते कारण तर्काचं नाही, आवडीचं आहे, आणि ते आवडीचं आहे असं कबूल केल्यावर वाद संपतो. बऱ्याच लोकांची अडचण हीच होते की आवडीला ते ओरिजिनलचं नाव देतात आणि मग दुसऱ्याला शहाणपण शिकवायला जातात.

आत काय काय नवीन आहे ते लपवत नाही. मूळ गाडीला पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीची अधिक बाजू बॉडीला जोडलेली, होता आणि सीटच्या मागं सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, मी एकच बारा व्होल्टची आणि निगेटिव्ह अर्थ. डायनॅमो नाही, अल्टरनेटर. डिस्ट्रिब्यूटरच्या आत पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक, वरनं टोपी तीच. पेट्रोलचे पाइप सगळे नवीन, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही. ऊस आपलाच, इथेनॉल आपलं, त्यामुळं या बदलाला तरी सांगलीचा म्हणायला हरकत नाही. ब्रेक पुढं डिस्क. ब्रेकमध्ये मी ओरिजिनलचं काही ऐकून घेत नाही, ड्रमवर थांबायची हौस ज्याला असेल त्यानं करावी. आणि तसं बघितलं तर १९५९ पासून एमजीएलाच पुढं डिस्क होते, नंतरच्या अँबेसिडरलाही आले, म्हणजे दोन्ही घरांची परवानगी आहे.

डॅशबोर्डवर मात्र मजा आली. एमजीएचा हॉर्न स्टीअरिंगवर नाही, डॅशबोर्डच्या मधोमध बटण. इंडिकेटरसुद्धा डॅशबोर्डवरचाच खटका, हात सोडून दाबायचा. इंग्लंडमध्ये ठीक असेल, तिथं हॉर्न सणासुदीला वाजवत असतील. इथं? गाडी आमच्या मळ्यातल्या रस्त्यावर फिरते तरी समोर शेळी, तिच्यामागं पोरगं, त्याच्यामागं मोबाईलवर बोलत आलेला पोराचा बाप. हात स्टीअरिंगवरनं काढून डॅशबोर्डचं बटण शोधेपर्यंत शेळी बॉनेटवर. मी बरेच दिवस हट्टानं मधलंच बटण ठेवलं, आणि खरं सांगतो, ते बटण दाबायला जाम आवडतं, एकदम डॉक्टरकडची बेल दाबल्यासारखं. मग तोडगा असा काढला की मधलं बटण आहे आणि ते चालतं, आणि स्टीअरिंगच्या खाली हाताला लागेल असं एक दुसरं काळं बटण आहे जे बसल्याशिवाय दिसत नाही. माझा साठच्या दशकातला सांगलीकर असता तर त्यानं पहिल्याच आठवड्यात हे केलं असतं, नाहीतर रबराचा भोंगा दारावर लावला असता. भोंगा मला मनापासून लावायचा होता. पोरीनं नको म्हणलं. तिच्या म्हणण्यानुसार भोंगा लावला की गाडी कुल्फीची दिसते.

दाराला बाहेरनं कडी नाही हे बघून लोकांचा विश्वासच बसत नाही. मूळ उघड्या एमजीएला बाहेर हँडल नसतंच, आत हात घालून एक वायर ओढायची, दार उघडतं. काचाही वर-खाली होणाऱ्या नाहीत, पाऊस आला की बाजूचे पडदे खोचायचे. हँडल लावा म्हणून मला सगळ्यांनी सांगितलं, मिस्त्रीकाकांनी तर अँबेसिडरची दोन हँडल पॉलिश करून आणून ठेवली. लावली नाहीत. इथं माझाच सांगलीकर माझ्या विरोधात जातो बरं का, कारण त्यानं शंभर टक्के हँडल लावलं असतं, वर कुलूपही लावलं असतं. पण दाराचा तो कोरा पत्रा, म्हणजे कोरं फायबर, त्या रेषेच्या वाटेत काहीच नाही, हे मोडायला माझा हात होत नाही. नियम ठेवलाय म्हणून प्रत्येक वेळी पाळलाच पाहिजे असं नाही ना, नाहीतर मग गाडी नियम बनवतो, आपण नाही.

मिरजेत तानपुरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत आमचं जाणं-येणं असतं, मामा भजनी मंडळातले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते तुम्ही वाचलं असेल. तिथं बघितलं तर भोपळा, दांडी, खुंट्या, घडण पिढ्यान्‌पिढ्या तीच, त्यात कुणी आपली अक्कल चालवत नाही. पण जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथली घासणी, मात्र गाणाऱ्याच्या कानाला विचारून लावतात, कुणाला उघडी पाहिजे, कुणाला बंद, घोडीवर कानस किंचित फिरते आणि तेच वाद्य वेगळं बोलतं. बाहेरनं बघणाऱ्याला दोन तानपुऱ्यांत फरक दिसणार नाही. मला गाडी अशी करायची होती. माझी आवड जवारीत असावी, भोपळ्यात नको. अर्थात रंगाच्या बाबतीत मी भोपळ्यालाच हात घातला, ते आता सांगतो.

एमजीएचे मूळ रंग मोजके. काळा, ओरिएंट रेड, ओल्ड इंग्लिश व्हाइट, ग्लेशियर ब्लू, टायरोलाइट ग्रीन, अजून काही. यातला लाल घेतला असता तर कुणी चकार शब्द काढला नसता, फोटोत पण झकास. पांढरा घेतला असता तर सरकारी अँबेसिडर. मला पिवळा पाहिजे होता. आणि तसला लिंबाचा नाही, स्पोर्ट्स गाड्यांना मारतात तो झगझगीत पण नाही, हळदीचा. आमच्या मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी ओतलेल्या हळदीच्या ढिगाचा, थोडा मातकट, सावलीत तपकिरीकडं झुकणारा. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय मिळालं, पण मला त्याच्या आधीपासून तो रंग पाहिजे होता. राजापुरी हळकुंड फोडून आतला रंग घेऊन पेंटवाल्याकडं गेलो, त्यानं कॉम्प्युटरवर स्कॅन करून जो शेड काढला तो स्कूलबसचा निघाला. पेंटरभाई हसून म्हणाले, "साहेब, मशीनला हळद कळत नाही, माझ्याकडं द्या." त्यांनी डब्यात थोडा लाल ऑक्साइड, थेंबभर काळा, असं डोळ्यानं जमवत जमवत पत्र्याच्या तुकड्यांवर मारून उन्हात ठेवले, सकाळचं ऊन, दुपारचं ऊन, ट्यूबलाइट. शेवटी जो लागला त्याला नंबर नाही. उद्या मडगार्ड घासलं तर परत पेंटरभाईच लागणार. मेटॅलिक अजिबात नाही, साठच्या दशकात आपल्याकडं कुठं होतं मेटॅलिक, आणि हळद चमकत नाही.

जुन्या गाड्यांचा नाद असलेले एक ओळखीचे गृहस्थ बघायला आले होते, खरे जाणकार, त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, रेषेचं कौतुक केलं, वाकून अॅक्सल बघितला आणि मग म्हणाले रंग तेवढा कंपनीचा मारायचा होता हो. मी म्हणलं कुठल्या कंपनीचा? गाडी तर माझ्या शेडची आहे. त्यांना ते उद्धट वाटलं असणार. पण माझं खरंच असं मत झालंय की रेप्लिकेला रंग मूळ यादीतलाच पाहिजे हा आग्रह खऱ्या गाडीच्या मालकानं धरावा, कारण त्याच्याकडं जपायला इतिहास आहे. माझ्या गाडीला इतिहास नाही. यादीतला लाल मारला तर ती खऱ्या एमजीएचं सोंग घेतलेली गाडी, हळदीची मारली तर ती लांबूनच सांगते मी कोण ते. आमच्या आबांना विचाराल तर त्यांना दोन्ही पटलेलं नाही, त्यांच्या मते गाडीला रंग एकच, काळा, आणि तो धुवायला माणूस ठेवावा.

सीट. मूळला अंग टेकतं तिथं कातडं आणि बाकी रेक्झिन असायचं. माझ्या सीट ट्रॅक्टर आणि ट्रकच्या सीट शिवणाऱ्यानं शिवल्या, काळं रेक्झिन, हळदी पायपिंग. कातड्याचा खर्च आणि आपलं ऊन दोन्ही बघता रेक्झिन बरं, जरी चड्डीवर बसलं की मे महिन्यात चटका बसतो. तळाला प्लाय आहे. प्लाय म्हणलं की लोक जुगाड म्हणतात, पण मूळ एमजीएची जमीनच प्लायवूडची होती, हे सांगितलं की गप्प होतात. चाकं साधी पत्र्याची, अँबेसिडरचीच, तारेची नाहीत. तारेची चाकं देखणी असतात, पण धुवून पुसून पुसून वेड लागतं आणि मला साध्या चाकातच तिचा कामकरी चेहरा आवडतो. इथं आवड आणि ओरिजिनल दोन्ही एकाच बाजूला आले, आणि स्वस्तही पडलं. असं फार कमी वेळा होतं.

पासिंगचं विचारू नका. म्हणजे विचाराच, कारण बरेच जण मला गाडी बनवून द्या म्हणून मागं लागलेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीनं जी गाडी जशी बनवून नोंदवली ती मुळात बदलता येत नाही, सुप्रीम कोर्टानंही २०१९ ला ते ठासून सांगितलंय. आणि २०२१ ला जो व्हिंटेज गाड्यांचा नियम आला तो ५० वर्षांच्या वरच्या, मूळ रूपात असलेल्या गाड्यांसाठी, माझी त्यात बसायचा प्रश्नच नाही. त्यामुळं ही रस्त्यावर येत नाही. टेम्पोत घालून दाजींच्या मळ्यात न्यायची, तिथला विहिरीपासून घरापर्यंतचा रस्ता आणि बांधाकडंचा वळसा एवढंच तिचं जग. काही लोकांना वाटतं मग उपयोग काय. उपयोग नाहीच. पण एक फायदा झाला, आरटीओला दाखवायची नाही म्हणल्यावर कुणाला तरी पटवायला काही करायचं उरत नाही, जे केलं ते स्वतःला विचारून.

देवराष्ट्र्याची गोष्ट मला हटकून ऐकवतात. आपल्याच जिल्ह्यातल्या तिथल्या एका लोहार मिस्त्रींनी भंगारातनं किकवर चालू होणारी चारचाकी बनवली आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये आनंद महिंद्रांनी ट्वीट करून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, दिलीही. "तुम्हालाबी देतील की बोलेरो." मला नको बोलेरो, पण त्या गाडीबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो सांगायला शब्द कमी पडतील, कारण ती कुणासारखीच दिसायचा प्रयत्न करत नव्हती. पोरांना बसवून फिरवायचं होतं, म्हणून बनवली. माझ्यासारख्यानं आकार उसना घेतलाय, त्यामुळं मला हा सगळा ओरिजिनलचा हिशोब मांडत बसायला लागतं, त्यांना लागला नाही.

राहिला बिल्ला. एमजीचा अष्टकोनी बिल्ला. खऱ्या एमजीएच्या नाकावर तो असतो आणि तो नसला की नाक मोकळं दिसतं हे खरंय. गंमत म्हणजे आता एमजीचे बिल्ले कुठल्याही अॅक्सेसरीच्या दुकानात मिळतील, कारण गुजरातमधल्या हालोलला बनणारी हेक्टर गल्लोगल्ली झालीय आणि कंपनीची मालकी फिरत फिरत चीनपर्यंत गेलीय. म्हणजे मी बिल्ला लावला तर तो ओरिजिनलच असेल, कंपनीचा, आणि तरी खोटा. पोरगी म्हणते लावा की, कोण विचारतंय. मी लावला नाही. आकार घेतला, रेष घेतली, इंजिनाचं नातं घेतलं, पण नाव घ्यायचं नाही, इथं माझ्या आवडीनिवडीचा संबंधच येत नाही. नाकावर ओतशाळेतनं पितळेची एक साधी गोल चकती करून आणलीय, कोरी, तिच्यावर काय कोरायचं यावर घरात मतं आहेत. बायको म्हणते काहीच नको. दाजींना ट्रॅक्टरच्या दुकानाचं नाव पाहिजे.

आता मागच्या लायटींवर अडलोय. एमजीएच्या मागच्या लायटी मडगार्डवर छोट्या उंचवट्यावर बसतात, त्या बाहेरनं मागवल्या तर मिळतात पण जोडीची किंमत आणि वरची कस्टम ड्युटी बघून डोळे फिरतात. अँबेसिडर मार्क टूच्या लायटी माझ्याकडं पडून आहेत, काच चांगली, पण त्या उभट आहेत आणि उंचवटा परत करायला लागतो. मिस्त्रीकाका म्हणतात जुन्या लँब्रेटाची मागची लाइट बघ, बरोबर बसती. गुरुवारी मिरजेला एका जुन्या स्कूटरवाल्याकडं जाऊन माप घेऊन येणार आहे. कुणाकडं लँब्रेटाची जोडी असेल तर कळवा, क्रोम गेलेलं असलं तरी चालेल, काच मात्र फुटलेली नको.